आईबाबांना घेऊन कोलोनच्या ब्राउहाउसमध्ये (बिअर बनवणाऱ्यांच्या जुन्या खाणावळीत): कुठं जावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत, कोलोनजवळ बॉनला राहते. मे महिन्यात आईबाबा सांगलीहून येतायत, त्यांची पहिलीच परदेशवारी. बाबा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. मळी, यीस्ट, टाक्या यांतच उभी नोकरी गेली. राइनमधली बोट, कॅथेड्रल, बेथोवनचं घर हे सगळं बघायला ते तयार आहेत, पण स्वतःची अशी फर्माईश एकच: जिथं बिअर बनते तिथंच बसून ती प्यायला मिळेल अशी जुनी जागा दाखव. बाटलीतली काय, कुठंही मिळते, म्हणाले.

अडचण आईची आहे. ती माळकरी. मांस-मच्छी सोडाच, अंडंही चालत नाही. बाबांनी कधीमधी एखादा ग्लास घेतला तर ती काही बोलत नाही, पण असल्या ठिकाणी बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही हे तिच्या मनात पक्कं बसलंय. आणि तिला एकटीला घरी ठेवून आम्ही दोघांनी जायचं हे माझ्या जिवावर येतं.

मी स्वतः पीत नाही. ऑफिसच्या लोकांबरोबर कॅथेड्रलपाशी एका ठिकाणी जाऊन आले तेवढंच, आणि गर्दी नि मांसाची भलीमोठी ताटं याखेरीज काही आठवत नाही. तर कोलोनमध्ये नक्की कुठं नेऊ? आई तिथं अवघडून जाईल का? आणि तिच्या पोटात काय घालू?

एरनफेल्डकर

ताई, दोघांनाही न्या. आईंना तर न्याच. आपल्याकडच्या बारची जी प्रतिमा त्यांच्या डोळ्यासमोर आहे, तसलं इथं काही नाही. कोलोनमध्ये ब्राउहाउसला जुन्या खाणावळीचा मान आहे. दुपारी दोनच्या सुमाराला गेलात तर शेजारच्या टेबलावर आजी-आजोबा नातवंडांना घेऊन जेवत असतात, कोणी एकटाच पेपर वाचत बसलेला असतो. अंधार नाही, कर्कश गाणी नाहीत. आवाज असतो तो माणसांच्या बोलण्याचा.

आता जागा. कॅथेड्रलच्या सावलीत फ्र्यू आहे, 1904 पासूनचं. देखणी जागा आहे, पण तिथली बिअर आता तिथं बनत नाही, शहराच्या उत्तरेला फेल्डकासेलला बनते. बाबांची अट बघता तुम्ही फ्रीझनश्ट्रासेवरच्या पेफगनला जा. 1883 पासून त्याच आवारात बिअर बनवतात आणि ती बाटलीत भरून विकत नाहीत. हवी असेल तर पिंपातून, नाहीतर नाही. मुख्य स्टेशनवरून चालत पाऊण मैल, रमतगमत वीस मिनिटं.

आत शिरल्यावर लगेच टेबल शोधायची घाई करू नका. बाबांना दाराजवळ पिंप ठेवलेलं असतं तिथं थोडा वेळ उभं राहू द्या. हे बघण्यासारखं असतं. लाकडी पिंप उंचावर आडवं ठेवलेलं, खाली पितळी तोटी. गॅसचा दाब नाही, पंप नाही, बिअर आपल्या वजनानं उतरते. तोटीखाली गोल ट्रे, त्याला मधोमध उभी मूठ आणि भोवती ग्लास बसतील अशा खाचा. भरणारा माणूस तोटी सोडतो ती बंदच करत नाही. ट्रे फिरवत राहतो, एक ग्लास भरत आला की पुढचा धारेखाली येतो, फेस बोटभर चढून काठाशी थांबतो, आणि खाली फारसं सांडतही नाही. मी इथं इतकी वर्षं राहतो, अजूनही ते बघत उभा राहतो. पिंप रिकामं झालं की नवीन आणतात, त्यामुळे तुमच्या ग्लासातली बिअर पिंपात तळाशी शिळी होत पडलेली नसते.

ग्लास बघून बाबा म्हणतील एवढाच? 200 मिलिलिटरचा उभा, अरुंद, पातळ काचेचा ग्लास. त्याला कारण आहे. क्योल्शमध्ये, म्हणजे कोलोनच्या या खास बिअरमध्ये, वायू कमी असतो, मोठ्या ग्लासात ती अर्ध्यावर येईतो मरगळते. म्हणून थोडी थोडी, पण प्रत्येक वेळी ताजी.

बाबा केमिस्ट आहेत म्हणून हेही सांगा. क्योल्शचं यीस्ट वरच्या थरात काम करणारं, एल नावाच्या बिअरच्या जातीचं. साधारण 15 ते 20 अंशांवर आंबवतात, आणि मग शून्याच्या आसपास काही आठवडे थंडीत मुरू देतात, लागर या दुसऱ्या जातीच्या बिअरसारखं. मळीच्या टाकीत तीस-बत्तीस अंशांवर एक-दीड दिवसात काम उरकताना त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. तिथं फक्त अल्कोहोल हवं असतं. इथं यीस्टला घाई करू देत नाहीत, कारण त्याची फळासारखी हलकी चवच हवी असते. रंग फिकट सोनेरी, आरपार दिसेल इतकी नितळ, कडवटपणा बेताचा, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जरा खाली. क्योल्श हे नाव बिअरला पहिल्यांदा झ्युनर या ब्रुअरीनं 1918 साली लावलं. 1986 साली इथल्या 24 ब्रुअऱ्यांनी करार करून ही बिअर कशी असावी आणि कुणी बनवावी हे ठरवून टाकलं. 1997 पासून युरोपीय संघाचं संरक्षणही आहे. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तोच प्रकार.

वाढप्याला क्योबेस म्हणतात. निळा सदरा, लांब एप्रन, कमरेला चामड्याचा बटवा. तो तुम्हाला विचारणार नाही. ग्लास रिकामा दिसला की नवीन ठेवेल आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ मारेल. शेवटी रेघा मोजून बिल. नको असेल तेव्हा चकती ग्लासावर ठेवायची. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आलेला ग्लास परत कसा करायचा म्हणून ते संकोचानं पीत राहतील. क्योबेस जरा तोडून बोलतो, पाणी मागितलं तर टोमणा मारतो. तो इथला रिवाज आहे, अपमान नाही. उलट उत्तर दिलंत तर खूश होतो.

आईंना अॅपफेलशोर्ले घ्या, सफरचंदाचा रस आणि सोडा. टेबलं लांब असतात, जागा असेल तिथं अनोळखी माणसं येऊन बसतात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा पदर घट्ट धरून बसल्या होत्या. शेजारच्या कोलोनच्या आजींनी त्यांच्या साडीचा काठ बोटांनी चाचपून बघितला, मग आपल्या मफलरची वीण दाखवली. एकीला जर्मन येत नव्हतं, दुसरीला मराठी. तासाभरानं आम्हीच त्यांना उठवलं.

ड्युसेलडॉर्फची मधुरा

एरनफेल्डकरांनी आईंबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं. पण बाबा जर कडवट चवीचे भोक्ते असतील तर एक दिवस आमच्याकडेही आणा. कोलोनहून रेल्वेनं अर्धा तास. जुन्या गावातल्या युरिगेमध्ये 1862 पासून आल्टबिअर बनते, तिथल्या तिथंच. रंग तांब्याचा, फेस जाड, आणि पहिल्या घोटाला जिभेच्या मुळाशी कडू लागते. मला स्वतःला क्योल्श पाणचट वाटते, काय करणार. मे महिन्यात संध्याकाळी अर्धी माणसं बाहेर रस्त्यावरच उंच टेबलांशी उभी असतात, ते वातावरण फार सुंदर असतं. फक्त आईंना तिथं बसायला जागा आणि जेवायला काही मिळणं अवघड, खाणं बहुतेक सॉसेज नि कच्च्या डुकराच्या खिम्याचं. त्यामुळे बापलेकींनी तासभर जाऊन यावं असं ठिकाण.

आणि कोलोनमध्ये बसून आल्ट मागू नका, आमच्याकडे क्योल्श मागू नका. दोन्ही गावांत ही गोष्ट मनापासून लागते.

पालेभाजी

शाकाहाराबद्दल मी लिहितो, मी या शहरात राहून शाकाहारी आहे.

राइबेकूखन, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले घावन, सगळे सुचवतील. पिठात बहुतेक ठिकाणी अंडं असतं. आईंना नको. हाल्वर हान म्हणजे राय या धान्याचा छोटा पाव, लोणी, मुरलेल्या गौडा चीजचा जाड काप, कांदा, मोहरी. फोनवर भाषांतर बघाल तर कोंबडी दिसेल, पण त्यात मांस नसतं. मात्र जुनं गौडा बऱ्याचदा वासराच्या रेनेटनं, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणानं, विरजलेलं असतं, आईंना ते चालतं का हे तुम्हीच ठरवा. तळलेल्या बटाट्यांत डुकराचे तुकडे सर्रास असतात, साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, तोही बहुधा डुकराबरोबर शिजवलेला.

मग काय उरतं? हिमेल उन एड हा इथला खास पदार्थ: बटाट्याचा लगदा, सफरचंदाची चटणी आणि वर रक्ताचं सॉसेज. सॉसेज नको म्हणून सांगा, उरलेलं ताट चविष्ट आणि पोटभरीचं होतं. वर तळलेला कांदा मागा.

आणि मे महिना म्हणजे श्पार्गलचा, पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम. तो 24 जूनला संपतो. उकडलेले बटाटे नि वितळलेलं लोणी घालून घ्या. हॉलंडेझ सॉस नको, त्यात अंड्याचा बलक असतो. मी वर्षभर या एका ताटाची वाट बघतो. मागताना एवढं म्हणा: ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने आय. मांस नको, चरबीचे तुकडे नकोत, अंडं नको.

कृष्णाकाठची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आईला आत्ताच फोनवर साडीच्या काठाची गोष्ट वाचून दाखवली. "मग इरकल नेसून येते" म्हणाली, म्हणजे येणार! बाबांनी पिंपाचं वर्णन दोनदा वाचायला लावलं, आणि यीस्ट कुठून आणतात ते विचारून ठेव म्हणाले. आता शेवटचं: कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि पैसे कार्डानं चालतात का?

एरनफेल्डकर

वा, इरकल म्हणजे उत्तमच.

मंगळवार-बुधवार दुपार धरा, एक ते चार. शुक्रवार-शनिवार संध्याकाळी फ्रीझनश्ट्रासेवर तरुण मंडळींची झुंबड असते, आईबाबांना धक्के खावे लागतील. फुटबॉलचा घरचा सामना असेल तो दिवसही टाळा. आणि मे महिन्यात येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार कधी येतो ते आधी बघून ठेवा. त्या दिवशी इथं पितृदिन असतो आणि पुरुषांच्या टोळ्या हातगाडीवर बिअर लादून सकाळपासून रस्त्यावर असतात. आईंची पहिली ओळख त्या दिवशी व्हायला नको.

रोख पैसे जवळ ठेवा, जुन्या ब्राउहाउसांत कार्ड चालेलच असं नाही. बिल वरच्या पूर्ण युरोपर्यंत नेऊन थोडं जास्त द्या, क्योबेस बटव्यातूनच सुटे देतो. यीस्टचं बाबांनी त्यालाच विचारावं, तुम्ही जर्मनमध्ये सांगा. गर्दी नसेल तर ही माणसं अशा प्रश्नाला हौसेनं उत्तर देतात, आणि समोरचा माणूस आयुष्यभर यीस्ट सांभाळलेला आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायला विसरू नका.