शिव्या घालून गेम सुधारतात का? पोह्यांवर अर्धवट राहिलेलं भांडण

रामबागचा_रिकामा:
शनिवारी पोहे-जलेबी खाताना आमच्यात या विषयावरून अशी जुंपली की जलेबी गार झाली, निकाल काही लागला नाही म्हणून इथे टाकतोय. माझं म्हणणं साधं आहे, गेम विकत घेणारे लोक बोंबलतात म्हणूनच या कंपन्या थोड्याफार माणसात आहेत. दोस्त म्हणतो की बोंबलून काही होत नाही, लोक रात्री शिव्या देतात आणि सकाळी पैसे भरतात.

माझे पुरावे घ्या. २०१७ चा, ईए कंपनीचा गेम स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू. गेमची पूर्ण किंमत मोजा आणि वर डार्थ व्हेडर हे पात्र हवं असेल तर ६० हजार क्रेडिट (गेममधले पैसे) जमवा, लोकांनी हिशोब काढला तर चाळीसेक तासांची हमाली निघाली, नाहीतर मग पैसे टाकून लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर अशा पेट्या, फोडत बसा. ईएने रेडिटवर उत्तर दिलं की हिरो मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून असं ठेवलंय. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांच्या वर डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले, गिनीज बुकात नोंद झाली. आणि रिलीजच्या आदल्या दिवशी गेममधली पैशाची खरेदी बंद! दुसरं, मे २०२४, हेलडायव्हर्स टू. गेम काढणारी सोनी म्हणाली पीसीवाल्यांनी पण प्लेस्टेशनचं अकाउंट जोडायचं, आणि गंमत म्हणजे ज्या देशांत ते अकाउंट मिळतच नाही तिथेही गेम विकून बसले होते. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) दोन लाखांहून जास्त निगेटिव्ह रिव्ह्यू पडले, तीन दिवसांत माघार.

आपल्या इंदूरचंच बघा ना, महापालिकेच्या ३११ ॲपवर कचऱ्याचा फोटो टाकला की माणूस येतो. गेमचं काय वेगळं?

छप्पनचा_भिया:
भिया, तू फक्त जिंकलेल्या मॅचेस मोजतोयस. २००६ ला ऑब्लिव्हियन नावाच्या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोक हसले, चिडले, आणि तरी ते विकलं गेलं, आज स्किनच्या (हत्यारांचे, पात्रांचे नुसते रंग-कपडे) नावाखाली सगळा धंदा त्याच घोड्यावर बसून चाललाय. २००९ ला मॉडर्न वॉरफेअर टूमध्ये डेडिकेटेड सर्व्हर (खेळाडूंना स्वतः चालवता येणारे) नाहीत म्हणून स्टीमवर बॉयकॉटचा ग्रुप निघाला होता. रिलीजच्या दिवशीचा त्या ग्रुपचा स्क्रीनशॉट शोधून बघ, बॉयकॉटवाल्यांच्या नावाखाली काय लिहिलेलं दिसतं तर 'मॉडर्न वॉरफेअर टू खेळत आहे', एकाखाली एक, रांगच्या रांग. कंपनीला काय दिसलं असेल? शिव्या पण देतात आणि पैसे पण देतात, म्हणजे सगळं आलबेल आहे.

आणि ३११ चं उदाहरण तर देऊच नको. शहर तुझ्या फोटोंनी नाही स्वच्छ झालं, रोज सकाळी दारात गाडी यायला लागली आणि रस्त्यावर कचरा टाकला की पावती फाटायला लागली, त्याने झालं. गेम कंपनीची पावती कोण फाडणार, तू?

रामबागचा_रिकामा:
मी नाही पण गिऱ्हाईक फाडतं ना. एक्सबॉक्स वन हा गेम कन्सोल आठव. जून २०१३, मायक्रोसॉफ्ट म्हणाली चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटला जोडा आणि जुनी डिस्क विकायची-द्यायची तर आमच्या अटींवर. आपण तेव्हा काय करायचो? जेल रोडला जाऊन संपवलेल्या गेमची डिस्क द्यायची, वर दोन-चारशे टाकायचे आणि दुसरी घेऊन यायची, दुकानदार डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरून ओरखडे मोजायचा आणि प्रत्येक ओरखड्याला पन्नास कापायचा. तो पूर्ण बाजारच बसला असता. लोक इतके भडकले की दोन आठवड्यांच्या आत निर्णय फिरवला.

छप्पनचा_भिया:
फिरवला कारण शेजारच्या दुकानात प्लेस्टेशन फोर १०० डॉलरने स्वस्त होता आणि त्यात ही भानगड नव्हती. तक्रार ऐकली गेली कारण गिऱ्हाईकाला जायला दुसरं दार होतं. जिथे दार एकच तिथे बोंबल कितीही.

बग_पकड्या:
दोघांचं वाचलं, आता जरा काउंटरच्या पलीकडून सांगतो. मी इथेच एका छोट्या स्टुडिओत टेस्टिंगला आहे, आम्ही आठ जण मोबाइल गेम बनवतो, नाव सांगत नाही. आमच्याकडे तक्रारी कशा येतात माहितीये? 'बकवास', 'डेव्हलपरला चपलेने मारा', आणि सर्वात लोकप्रिय 'चालत नाही', एक तारा. काय चालत नाही, कोणत्या फोनवर, कुठे, काही पत्ता नाही. एकाने एक तारा दिला कारण त्याचं नेट गेलं होतं, ते त्याने स्वतःच लिहिलंय!

पण एक गोष्ट विसरत नाही. मागच्या पावसाळ्यात आमचा गेम काही लोकांकडे तिसऱ्या लेव्हलला बंद पडत होता, आम्ही तीन आठवडे शोधतोय, ऑफिसातल्या एकाही फोनवर तो बग येईना. मग धारच्या एका शाळकरी पोराने मेल केला. दुसऱ्या फोनवरून काढलेला व्हिडिओ, हात हलतोय, मागे कुकरची शिट्टी ऐकू येतेय, आणि खाली लिहिलेलं, 'सर, मी फोनची भाषा हिंदी ठेवली की बंद पडतो, इंग्रजी केली की नाही पडत, मी चार वेळा करून बघितलं.' बस! आमच्या सगळ्यांचे फोन इंग्रजीत होते. त्या लेव्हलला स्कोअर लिहायची जी पाटी होती तिच्यात हिंदी अक्षरांचा फॉन्टच टाकलेला नव्हता, दुपारपर्यंत दुरुस्त केलं. त्या दिवसापर्यंत या बगवर साठ-सत्तर एक-तारा रिव्ह्यू पडले होते आणि त्यांचा उपयोग शून्य, उलट रेटिंग पडलं म्हणून साहेबाने आम्हालाच रविवारी बोलावलं. त्यामुळे तक्रारीने सुधारतं हे खरं, पण तुम्ही ज्याला तक्रार म्हणताय ती नुसती आरडाओरड असते.

रामबागचा_रिकामा:
दादा मान्य, पण तुम्ही आठ जण आहात, तुम्हाला मेल वाचायला माणूस आहे. मोठ्या कंपनीत तो मेल रोबोट वाचतो. तिथे आरडाओरडच लागते.

कोर्टकचेरी_नको:
पावती कोण फाडणार असं वर विचारलंय म्हणून. फाडणारे आहेत. स्टीम पूर्वी रिफंडला सरळ नाही म्हणायचा, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ ला स्टीमच्या मालक कंपनीवर, वाल्ववर, केस केली, केस चालू असतानाच जून २०१५ मध्ये जगभर रिफंड सुरू झाला, चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं तर, आणि २०१६ ला कोर्टाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड पण लावला. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिकने ५२ कोटी डॉलर कबूल केले, त्यातले साडेचोवीस कोटी खेळाडूंना परत द्यायचे होते, कारण बटणं अशी ठेवली होती की चुकून दाबलं तरी खरेदी व्हायची. भारतात पण नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची (गिऱ्हाईकाला फसवणारी ॲपची मांडणी) नियमावली आली, अशा तेरा युक्त्यांची यादी आहे. आणि आपला २०१९ चा ग्राहक कायदा असा आहे की तक्रार तुम्ही राहता तिथेच करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कंपनी कुठली का असेना, तुम्ही इंदूरमधून करू शकता. करतं कोण हा वेगळा प्रश्न, मी पण नाही केली.

छप्पनचा_भिया:
बेल्जियमने २०१८ ला लूट बॉक्स म्हणजे जुगार असं ठरवलं, नंतर एका संशोधकाने तपासलं तर तिथे आयफोनवरच्या सर्वात जास्त कमाईच्या १०० गेमपैकी ८२ मध्ये लूट बॉक्स आपले जागेवर. कायदा पण झोपतो भिया. आणि द क्रू या गेमचं काय झालं? युबिसॉफ्टने मार्च २०२४ च्या शेवटी सर्व्हर बंद केले, लोकांनी पैसे देऊन घेतलेला गेम, एकट्याने पण खेळता येत नाही आता. विकलेले गेम असे बंद करू नका म्हणून युरोपात १० लाखांच्या वर सह्या झाल्या, गेम आला परत?

रामबागचा_रिकामा:
तो नाही आला, पण त्याच मालिकेतल्या द क्रू टू आणि मोटरफेस्टला ऑफलाइन मोड (सर्व्हरशिवाय खेळायची सोय) देऊ हे त्याच बोंबाबोंबीनंतर त्यांनी कबूल केलं. पहिल्याचा बळी गेला म्हणून पुढचे दोन वाचले असं समज.

छप्पनचा_भिया:
वा, म्हणजे माझा गेम मेला तर तुझा वाचणार. बरंय.

सुदामानगरची_आजी:
नमस्कार मुलांनो. मला या खेळांतलं काही कळत नाही, नातवाने हा धागा दाखवला, तोच टाइप करून देतोय (आणि तोंड पाडून बसलाय). त्याने माझ्या फोनवरून एका खेळात बंदुकीचा रंग घेतला. एकदा नाही, सहा वेळा. २३४० रुपये. रंग! पिन त्याला पाठ होता, तेव्हा चूक आमची पण आहे हे मी कबूल करते. पण तो म्हणतो की पेटी उघडली तर हवा तो रंग निघेलच असं नसतं, म्हणून सहा वेळा. आमच्या वेळी जत्रेत चक्री फिरवणारा असाच असायचा, पण तो निदान समोर उभा असायचा, भांडता यायचं. मी खेळवाल्यांना दोन ईमेल पाठवले, दोन्हींना अक्षर न् अक्षर सारखं उत्तर आलं. आता यांच्यापैकी कोणाचं ऐकू? बोंबलू की गप्प बसू?

बग_पकड्या:
आजी, बोंबलू नका, मेल परत लिहा. पण असा: तारीख, वेळ, किती वेळा, प्रत्येक वेळी किती रुपये, फोनचं मॉडेल, नातवाचं वय. रागाचं एक पण वाक्य नको, रोबोट ते वाचत नाही आणि माणसाने वाचलं तर तो चिडतो. सहा खरेद्यांचे सहा ऑर्डर नंबर वेगवेगळे लिहा. आणि आधी ज्या ॲप स्टोअरमधून पैसे कापले त्यांच्याकडे रिफंड मागा, खेळवाल्यांकडे नंतर. लवकर करा, दिवस गेले की मिळायला कठीण जातं.

कोर्टकचेरी_नको:
आणि नाहीच ऐकलं तर १९१५ ला फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फुकट आहे. हिंदीत बोललात तरी चालतं.

छप्पनचा_भिया:
आजी, सर्वात आधी पिन बदला.

सुदामानगरची_आजी:
पिन बदलला. ऑर्डर नंबर कुठे असतो?

बग_पकड्या:
पैसे कापल्यावर पावतीचे ईमेल आले असतील, त्यात वरच्या बाजूला. सहा असायला हवेत.

सुदामानगरची_आजी:
नऊ आहेत.