अंगणात घार पिल्लावर झडप घालते आहे, काय करू?

मढची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही मढला कोळीवाड्यात राहतो. घरामागे अंगण, कुंपणाच्या कडेने माड, आणि पाऊस सरला की अर्ध्या अंगणात सासूबाईंच्या वलांड्या, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडण्या, उभ्या राहतात. सध्या बोंबील सुकतायत. नाताळच्या सुट्टीनंतर मुलीच्या हट्टामुळे घरात पॉमेरियनचं पिल्लू आलं, चिंगी. तीन महिन्यांची आहे, वजन सव्वा किलो.

रविवारी सकाळी ऊन वर आल्यावर मी वलांडीवरचे सुकलेले बोंबील काढत होते. खाली पडलेला एक बोंबील तोंडात धरून चिंगी अंगणाच्या मधोमध जाऊन बसली. माझ्यापासून पाच-सहा हातांवर. माडाच्या बाजूने घार खाली आली, आवाज म्हणून नाही. चिंगीच्या पाठीमागून आली आणि क्षणभर मला पिल्लू दिसेनासंच झालं, नुसते पसरलेले पंख दिसले. चिंगी किंचाळली, मी हातातली पाटी फेकली, घार वर गेली. बोंबील गायब होता. चिंगीच्या खांद्यावर ओरखडा आहे, रक्त अगदी थोडं आलं. हळद दाबली. तेव्हापासून ती मागच्या दाराशी गेली की अंग चोरून उभी राहते.

कोपऱ्यातल्या माडाच्या शेंड्यात घारीचं घरटं आहे. काटक्या आणि चिंध्या खालून दिसतात. शेजारच्या काकी म्हणतात, घार पुढच्या वेळी उचलूनच नेईल, माणूस बोलावून घरटं पाडून घ्या. दीर म्हणतो, जुनं जाळं अंगणावर पसरून टाकू, घरात पडूनच आहे. मुलीला फोनवर कुणीतरी परदेशातले व्हिडिओ पाठवलेत, तिची झोप उडाली आहे.

मला खरं काय ते हवं आहे. एवढं पिल्लू घार उचलू शकते का? जाळं टाकलं तर चालेल का? आणि रात्री सासूबाई तिला शी-शूला मागे नेतात तेव्हा खांबावर पांढऱ्या तोंडाचं घुबड बसलेलं असतं, त्याचंही भय आहे का? दिवसभर बांधून किंवा कोंडून ठेवायला जीव होत नाही.

गोराईची_पोर

ताई, आमच्याकडे कोंबड्या आहेत. घारीने पिल्लं उचललेली मी लहानपणापासून बघत आले, पण कोंबडीची, तीही अगदी पिवळी असतानाच. वाढलेल्या कोंबडीच्या वाटेला ती जात नाही, मग सव्वा किलोच्या कुत्र्याचं काय घेऊन बसलात. आमच्या आजीने खुराड्यापुढे बांबूवर काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधल्या होत्या. चार दिवस घारी बिचकल्या, नंतर त्याच बांबूवर येऊन बसायला लागल्या. चकचकीत सीड्यांचंही तेच. जागा बदलत राहिलात तर थोडाफार उपयोग होतो, भरवसा मात्र ठेवू नका.

उत्तनचा_खंड्या

ताई, तुम्ही नीट बघून लिहिलंय, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. तुमच्या लिहिण्यातच ते आहे: घार बोंबलासाठी आली होती. बोंबील मिळाला, ती गेली. पिल्लाचं तोंड बोंबलाला चिकटलेलं होतं म्हणून नखं त्याला लागली. ससून डॉकला किंवा वेसाव्याच्या बाजारात उभं राहून बघा. पाटीतली मासळी, कापताना फेकलेलं डोकं, हातातला तुकडा, घार असाच उचलते. बहुतेक वेळा पाठीमागून, पायांनी, आणि उडता उडताच खाते.

आता उचलण्याचं. आपली नेहमीची घार, तपकिरी, शेपटी मध्ये खाच पडलेली, पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास भरते. त्यामुळे अंगावर आली की ती केवढीतरी मोठी वाटते. पण तिचं वजन साधारण पाऊण किलो, फार तर किलोच्या घरात. अंग सगळं पिसांचं. पाय तिच्या आकाराच्या मानाने दुबळे, कारण तिचं पोट मुख्यतः मेलेल्या, टाकलेल्या, सांडलेल्या खाण्यावर चालतं. जोडीला उंदीर, बेडूक, पाखरांची पिल्लं. स्वतःच्या वजनापेक्षा जड जिवंत प्राणी घेऊन ती उडू शकत नाही. तुमची चिंगी आजच तिच्यापेक्षा जड आहे आणि दर आठवड्याला आणखी जड होणार. किनाऱ्यावर दुसरी दिसते ती ब्राह्मणी घार, पांढरं डोकं आणि विटकरी अंग. ती तर याहून लहान. डोळेही न उघडलेलं कुत्र्याचं पिल्लू उघड्यावर पडलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं.

व्हिडिओंचं मुलीला समजावून सांगा. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांसाठी काटेरी जाकिटं विकतात, कारण तिथे रेड-टेल्ड हॉक हा शिकारी पक्षी आहे, ग्रेट हॉर्न्ड आउल नावाचं दांडगं घुबड आहे, आणि मुख्य म्हणजे कायोटी, कोल्ह्यासारखे रानटी प्राणी, आहेत. यातलं काहीच मढला नाही. मुंबईच्या दमट हवेत केसाळ पॉमेरियनला जाड जाकीट घातलं तर घारीआधी उकाड्यानेच ती बेजार होईल.

पण धोका नाही असं मी म्हणत नाही. नखांचा आहे, डोळ्यांचा आहे. आणि तुमच्याकडे घरटं आहे, ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. मुंबईत घारी हिवाळ्यात घरट्याला लागतात. अंडी महिनाभर उबवायची, मग पिल्लं उडायला जवळजवळ दोन महिने. त्या काळात, विशेषतः पिल्लं फांदीवर यायला लागली की, काही जोड्या खालून जाणाऱ्या माणसाच्याही डोक्यावर येतात. दिल्लीत घारींवर बरीच वर्षं अभ्यास चालला आहे. तिथे असं दिसलं की ज्या वस्तीत माणसांकडून मांस-खाणं भरपूर मिळतं तिथल्या घारी घरट्याजवळ जास्त धीट असतात. कोळीवाड्याला हे किती लागू पडतं ते तुम्हीच जाणता. पावसाच्या तोंडाशी पिल्लं उडून गेली की हे थांबेल. तोवर चिंगीची खेळायची जागा त्या माडापासून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हलवा.

घरटं पाडू नका, कुणाला पाडूही देऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्यातून काही साधत नाही. जोडी शेजारच्या माडावर पुन्हा काटक्या रचते. ज्या किनाऱ्यावर सगळा वाडा मासळी कापतो तिथली सांडलवंड हाच पक्षी साफ करतो, हे काकींनाही सांगा. माड साफ करून घ्यायचा असेल तर घरटं रिकामं झाल्यावर, आणि फांद्या किंवा झाड तोडायचं असेल तर महापालिकेची परवानगी काढून.

आता जाळं. हे मी कळकळीने सांगतो: तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याचं, जाळं अंगणावर मुळीच टाकू नका. ते पक्ष्याला दिसत नाही. घार बोंबलावर झेपावली की पंख अडकतो, ती पिळे घालते, तंगूस आत आत रुतत जातो. संक्रांतीच्या मांज्याने कापलेले पंख मी हातात धरलेत, ढिल्या जाळ्यात अडकलेल्या पक्ष्याची गत तशीच होते. आणि अडकलेली घार खाली लोंबकळत असेल, चिंगी कुतूहलाने जवळ गेली, तर आज जे भय नुसतं वाटतंय ते खरं होईल.

त्याऐवजी घराच्या भिंतीला लागून एक कोपरा धरा, दहा बाय आठ फूट पुरे. बांबूचे चार खांब, वर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट, कडा गुंडाळून सुंभाने ताणून बांधलेली. ताणलेली, झोळ नको. बाजूंना एक इंच चौकटीची वेल्डमेश, म्हणजे तारेची ताठ जाळी, तीन फुटांपर्यंत. घार मोकळ्या जागेत उतरते, कारण तिला उतरायला आणि वर उठायला पंख पसरावे लागतात. छताखाली ती शिरत नाही. शिवाय पिल्लाला सावली मिळते. उरलेल्या अंगणात चिंगी फिरेल ती तुम्ही सोबत असताना, आणि तोंडात मासळी नसताना. जेवणही आत द्या, ताटली बाहेर राहू देऊ नका.

परळचा_डॉक्टर

घारीचं वर छान सांगून झालं आहे. मी ओरखड्याबद्दल लिहितो, कारण मला त्याची जास्त काळजी वाटते. पक्ष्याचं नख सुईसारखं आत जातं. वरून भोक बारीक, केसांत झाकलेलं, आणि दोन-तीन दिवसांत आत पू धरतो. सासूबाईंनी हात फिरवताना पिल्लू कुठे कळवळतं का ते बघा. केस बाजूला करून टॉर्चने खांदा, मान, दोन्ही बाजू, पोट, सगळं तपासा. आणखी भोकं असू शकतात, नखं एका पायाला चार असतात. सूज, गरमपणा, वास, खाणं सोडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. काही दिसलं नाही तरी एकदा दाखवाच. मालाडला जायला तुम्हाला 271 नंबरची बस आहेच. हळद बंद करा. साध्या पाण्याने जखम धुवा, डॉक्टर सांगतील तेच औषध लावा. माणसांचं मलम घरातलं म्हणून लावू नका, पिल्लू चाटतं.

एक भीती लोक नेहमी विचारतात: पक्ष्यांपासून रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. तरी तीन महिन्यांच्या पिल्लाची रेबीजची लस आता द्यायची वेळ झालीच आहे, त्याच फेरीत विचारून घ्या.

अंग चोरून उभी राहते म्हणालात. तिला उचलून मागे नेऊ नका. उंबऱ्यावर तुम्ही बसा, खाऊ हातात ठेवा, ती येईल तेवढीच येऊ द्या.

मुलुंड_पायथा

आमच्या मागे नॅशनल पार्कची भिंत, म्हणून रात्रीचं मी सांगते. तुमच्या खांबावरचं ते गव्हाणी घुबड. अर्धा किलोच्या आतबाहेरचा पक्षी, उंदरांवर जगतो. मासळीच्या वासाने उंदीर येतात, उंदरांमागे ते येतं. त्याला बसू द्या, चिंगीकडे ते बघणारही नाही. आमच्याकडे शृंगी घुबड आहे, ते मोठं, पण त्याच्याने कुणाचं कुत्रं गेल्याचं ऐकलेलं नाही.

आमच्याकडे कुत्री जातात ती बिबट्यामुळे. मुलुंड, बोरिवली, आरे, येऊर, जे कुणी पार्काच्या कडेने राहतात आणि हा धागा वाचतायत, त्यांनी आकाशाकडे बघत बसू नये. अंधार पडला की कुत्रं घरात. अंगणात साखळीला तर कधीच नाही, पळताही येत नाही त्याला. ओला कचरा बाहेर टाकला की भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या. काही दिसलं तर वनखात्याचा 1926 हा नंबर आहे, जखमी पक्ष्यासाठीही तोच लावा. ताई, तुमच्याकडे रात्रीचं भय भटक्या कुत्र्यांचं आणि सापांचं जास्त असेल. सासूबाईंच्या हातात बॅटरी द्या आणि चिंगीला दोरीवर न्या.

मढची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. चिंगीला मालाडला नेऊन आणलं. डॉक्टरांनी केस कापले तेव्हा काखेत आणखी एक भोक निघालं, आम्हाला दिसलंच नव्हतं. औषध चालू आहे, लसही झाली. सासूबाईंना घुबडाचं वाचून दाखवलं, त्यांना बरं वाटलं.

दीर जाळ्याऐवजी बांबू आणायला तयार आहे. पण वलांडी तर हलवता येत नाही, तिला ऊन-वारा तिथेच मिळतो. खाली बोंबील पडतातच, आणि चिंगी त्यावरच टपलेली असते.

उत्तनचा_खंड्या

वलांडी हलवू नका, कुत्री अडवा. वलांडीच्या चारी बाजूंनी तीच वेल्डमेश दोन फूट उंच लावा, बांबूला तारेने बांधून, एका बाजूला उघडता येईल अशी. पॉमेरियन तेवढी उडी मारत नाही. सासूबाईंना पाटी घेऊन आत-बाहेर करायला अडचण होणार नाही इतकी ती उघडणारी बाजू रुंद ठेवा, आणि बोंबील काढून झाले की खालचे वेचूनच बाहेर या. खालून दोन इंच जाळी मातीत गाडा, नाहीतर चिंगी उकरून आत शिरेल.