शेवटची खुर्ची

मेजवानीत मानाची जागा धरू नका, शेवटच्या जागी बसा, असा येशूचा एक दाखला (बोधकथा) बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १४व्या अध्यायात आहे. काहीजण म्हणतात की ही 'मागे बसा, यजमान पुढे बोलावतील' अशी युक्ती आहे. नुसता तेवढाच भाग वाचला तर तसं वाटतं खरं. मूळ सल्लाही नवा नाही. राजासमोर मोठेपणा मिरवू नकोस, हे बायबलमधल्याच त्याहून जुन्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात आहेच.

पण प्रसंग बघा. शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा वार, एका बड्या परूश्याचं (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाचं) घर, आणि पाहुणे मानाच्या जागा पटकावताना येशूला दिसतायत. तेव्हा मेजवानीत रेलून जेवत आणि कोण कुठे रेलणार यावरून माणसाची पत कळे. पाहुण्यांचं झाल्यावर तो थेट यजमानाकडे वळतो (१२ ते १४ ओव्या): भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते परतफेड करतील. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. म्हणजे मानाच्या देवाणघेवाणीचा हिशेबच बंद! आपल्याकडे आहेराची वही ठेवतात, त्या वहीलाच हात घातलाय.

तरी युक्ती करणारे असतातच. आमच्या नात्यातले एक काका लग्नात मुद्दाम शेवटच्या रांगेत बसतात आणि दर दोन मिनिटांनी मान उंचावून स्टेजकडे बघतात. एकदा कुणी बोलवायला आलंच नाही, तर न जेवता निघून गेले. काकूंनी मात्र दोनदा श्रीखंड घेतलं.