सासूबाईंची दाढ काढलीय, थुंकीत लाल येतंय (विश्रामबाग, सांगलीच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरून)

बी-२०३: सासूबाईंची खालची दाढ आज सकाळी अकराला काढली. चार वाजले तरी थुंकीत लाल दिसतंय. सारख्या बेसिनकडे जाऊन थुंकतायत. काय करू?

ए-१०१: मिठाच्या गरम पाण्यानं गुळण्या करायला सांग गं. आणि आपली हळद दाबून भर खड्ड्यात, रक्त लगेच धरतं.

सी-३०४: काकू, आज गुळण्या नकोत आणि हळदही नको. वहिनी, थुंकी गुलाबी आहे की तोंड भरून रक्त येतंय?

बी-२०३: गुलाबीच. मध्येच एखादा लाल धागा. डॉक्टर ताई, तुम्ही घरी आहात, बरं झालं.

सी-३०४: मग घाबरू नका. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं तरी खूप वाटतं. स्वच्छ गॉजची घडी जरा ओली करून बरोबर त्या जागी ठेवा आणि दात घट्ट मिटून पाऊण तास बसवा. मध्ये उघडून बघायचं नाही. थुंकणं एकदम बंद, लाळ गिळू दे त्यांना. गालावर बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, थोडा वेळ धरायचा, थोडा वेळ काढायचा.

थुंकू नका असं मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण त्या खड्ड्यात आत्ता रक्ताची गुठळी बसतेय. खालच्या हाडावर तेवढंच झाकण आहे, आणि नवं मांस तिच्यातूनच भरून येतं. थुंकलं, जोरात चूळ भरली, स्ट्रॉनं प्यालं, की तोंडात ओढ बसते आणि ती निसटते. हाड उघडं पडलं की ड्राय सॉकेट. ते लगेच कळत नाही. दोन दिवस बरं वाटतं, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका लागतो की कानापर्यंत कळ जाते, तोंडाला वास येतो, गोळीला दाद देत नाही. साध्या दाढेला शंभरात दोन ते पाच जणांना होतं, खालच्या अक्कलदाढेला बरंच जास्त. तसं झालं तर दवाखान्यात जाऊन खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरून घ्यावी लागते. घरी लवंगेचं तेल ओतू नका, हिरडी भाजते.

ए-१०१: आमच्या घरी सगळ्यांना हळदच लावत आले गं. मग मीठपाणी कधीच नाही?

सी-३०४: उद्या अकरानंतर, काकू. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. तोंडात घोळवायचं आणि तोंड उघडून नुसतं खाली पडू द्यायचं. हळदीची पूड मात्र कधीच नाही. ती आत अडकते, आणि काढायला गेलं की गुठळीही निघते.

डी-४०२: खायला काय द्यायचं?

सी-३०४: गार झालेला मऊ भात, ताक, शिकरण. भडंग, शेंगदाणे आठवडाभर लांब ठेवा, कण खड्ड्यात जाऊन बसतात.

बी-२०३: ताई, अजून एक. त्या मिश्री लावतात. आत्ताच मागतायत, म्हणतात त्यानं ठणका जातो.

सी-३०४: हे विचारलंत ते फार चांगलं केलंत. आपल्याकडे कितीतरी घरांत हे असतं आणि दवाखान्यात कुणी सांगत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. वर बोटानं घासणं आलंच. तीन दिवस तर अजिबात नाही, आठवडा निघाला तर उत्तम. पण रागावू नका त्यांच्यावर, वर्षानुवर्षांची सवय आहे. तल्लफ आली की थोड्या वेळात ओसरते, तेवढ्यात गार ताक द्या, नातवाला जवळ बसवा. गुटखा आणि सिगारेटवाल्यांनाही हेच लागू.

सी-१०२: माझी पुढच्या आठवड्यात काढायचीय. स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ करायची गोळी आहे. आधी दोन दिवस बंद करतो ना?

सी-३०४: काका, स्वतःच्या मनानं एक दिवसही नाही! दाढेचं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल. गोळ्यांची चिठ्ठी दाताच्या डॉक्टरांना दाखवा, बदल करायचा तर हृदयाचे डॉक्टर ठरवतील. शुगर असेल तर तेही सांगा. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर दाढ काढण्याआधी बोला, क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही.

ए-१०१: माझी दर रविवारी असते ती गोळी! मला कुणी बोललंच नव्हतं.

सी-३०४: मग उद्या चिठ्ठी घेऊन या काकू, बघते.

बी-२०३: पाऊण तास झाला. गॉजवर फिकट डाग आहे नुसता. रात्री काय बघू?

सी-३०४: छान. दोन उशा घेऊन झोपवा. सूज उद्या-परवा वाढेल, मग उतरेल. तिसऱ्या दिवसानंतरही वाढत राहिली, ताप आला, तोंड उघडेना, तर दवाखाना गाठा. गॉज दाबूनही रक्त वाहत राहिलं, जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज आली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर सकाळची वाट बघू नका, तशाच सिव्हिलला न्या.

डी-४०२: वहिनी, माझी गाडी खालीच आहे. कितीही वाजले तरी बेल मारा.