फाल्गुन-चैत्रातला परस : कोंबड्या, शेळ्या, आळी, वेल... तुमचे अनुभव लिहा

उन्हाळी_मोगरा
समोरच्या बंगल्यातल्यांनी गावरान कोंबडी आणलीय. जुळे सोलापुरात! काल दुपारी सगळं चिडीचूप असताना तिनं अंडं घातल्याची दवंडी पिटली आणि माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी थेट आज्जीच्या परसात.

वडाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. माळवदाचं घर, मागं परस. ज्वारीची रास घरात आली, कडब्याची गंजी रचून झाली आणि ऊन अजून डोक्यात जात नाही, एवढ्या फटीत आज्जी परस उभा करायची. मोरीचं पाणी आधी केळीला, केळीतून निघालं की अळूला, त्यातूनही उरलंच तर कर्दळीला. साबणाचं पाणी तिकडं जाऊ नये म्हणून धुणं विहिरीवर. तुराट्यांच्या मांडवावर दोडका नि कारलं, आणि खाली सावलीत डालग्यात खुडूक कोंबडी.

रवणीला (अंडी उबवायला) बसवून आठवडा झाला की आज्जी एकेक अंडं घरात आणायची. माळवदाच्या सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, उन्हाची तिरीप खाली यायची, तिच्यात अंडं धरायचं. मूठ अशी वळायची की फक्त वरचं टोक उजेडात. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की परत कोंबडीखाली. नितळ दिसलं तर ते वांझ, कुत्र्याचं नशीब. मला एकदाच धरू दिलं होतं. ते कोमट टरफल आणि आतली हललेली सावली अजून आठवते.

आणि अंड्यांचे पैसे आज्जीचे. आजोबांनी शेताचा हिशेब ठेवावा, त्या पैशांचा विचारायचा नाही.

लिहा तुम्हीपण. अर्धवट लिहिलं तरी चालेल. कुकर झाला, पळते.

कडक_भाकरी
कोंबडीचं काय कौतुक बे, त्यांनी कोंबडा आणला की मग धागा काढा. आमच्या गल्लीत एक होता, त्याला पहाट कळतच नव्हती. रात्री दीडला लाइट जाऊन आली की आरवायचा. अख्खी गल्ली उठून बसायची, हा गप झोपायचा.

मोहोळची_शेळीवाली
आमची काळी काल रात्री व्याली. दोन्ही पाटी, म्हणजे माद्या!! उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळं म्हणजे नवल नाही, पण दोन्ही पाटी म्हटल्यावर सासूबाईंनी साखर वाटली.

दुपारपासनंच पायानं जमीन खरवडायली होती. वैरण टाकली, बघितलंपण नाही. नऊच्या पुढं पहिली आली, नीट. दुसरी आली ती गपगार. तोंडावरचा चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून जरा उलटी केली, नाकात कडब्याची काडी फिरवली. शिंकली एकदाची. शिंक ऐकून मीच खाली बसले. नाळ कापून टिंक्चर आयोडीन लावलं, आणि दोघींना सडाला लावूनच उठले. चीक पहिल्या अर्ध्या तासात पोटात गेला पाहिजे, बाकी सगळं नंतर. वार (जार) पडेपर्यंत जागी होते.

सकाळी शेजारीण वाटी घेऊन हजर, खरवसाला चीक द्या म्हणून. शेळीचा चीक मी कुणाला देत नाही. म्हशीवाल्यांकडं जा म्हटलं.

दूध उतू गेलं, नंतर लिहिते.

उन्हाळी_मोगरा
अगं अभिनंदन!! नावं काय ठेवली?

मोहोळची_शेळीवाली
पोरानं ठेवलीत. एक चिंगी, एक वायफाय. विचारू नका.

कडक_भाकरी
वायफाय कुठं गेली म्हणून रानभर हाका मारूलालेत, डोळ्यापुढं आलं.

दावणीचे_काका
पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे हात शिवशिवतातच. मोहोळच्या सूनबाईंनी केलं ते अगदी बरोबर. फक्त शिंकली नाही तर कोरड्या गोणपाटानं छाती चोळत राहायचं, लवकर हार मानायची नाही.

कोंबड्यांचं निघालंच आहे म्हणून सांगतो. मानमोडी (राणीखेत) आली की आठवड्यात खुराडं रिकामं होतं. मान वाकडी, हिरवट पातळ विष्ठा. एकदा लागली की उपाय नाही, लसच हवी. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लस, डोळ्यात नाहीतर नाकात एक थेंब. खेड्यात अडचण अशी की बाटली शंभर पिल्लांची, आणि बाईकडं पिल्लं दहा-बारा. मिसळलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते, उद्यासाठी ठेवता येत नाही. माझी नेमणूक करमाळ्याकडं होती तेव्हा मी आदल्या दिवशी शाळेतल्या पोरांकडून निरोप धाडायचो. सकाळी ऊन चढायच्या आत मारुतीच्या पारावर सगळ्या बाया डालगी, पाट्या, कुणी पदरात पिल्लं घेऊन हजर. मी बर्फाच्या डब्यातून थेंब सोडायचो आणि मागं भांडणं चालू, "ह्यो माझा, पंखावर काळा ठिपका हाय." एकीनं ओळखू यावीत म्हणून सगळ्या पिल्लांच्या पायाला लाल दोरा बांधून आणला, तर दुसरीनेही लालच बांधलेला.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. ज्वारी काढल्यावर धसकटाला पाणी मिळालं की हिरवेगार कोंब फुटतात. चैत्रात सगळं रान वाळलेलं असतं, शेळी तिकडं ओढ घेणारच. त्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, पोटात गेल्यावर हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. तडफडून मिनिटांत मरतं जनावर. हिरवी ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत चारायची नाही. डॉक्टर पोहोचला तर इंजेक्शन आहे, पण बहुतेक वेळा पोहोचेपर्यंत खेळ संपलेला असतो.

माढ्याचा_गडी
काका बरोबर बोलले. आमच्या भावकीत तीन शेळ्या एका दुपारी गेल्या. बाई नुसती बसून होती, रडलीपण नाही. पोराची कॉलेजची फी त्या शेळ्यांवरच ठरलेली.

मोहोळची_शेळीवाली
आई गं. 😔

तुराटी
आमच्या मामाकडं ज्वारीच्या कडेकडेनं करडईचे तास पेरायचे, काटे असतात म्हणून शेळ्या आत शिरत नाहीत. पण करडई काढायची वेळ आली की मामी पहाटेच निघायची. दव असतं तोवर काटे मऊ, नंतर हात लावायची सोय नाही. मी एकदा सुट्टीत हौसेनं दहाला गेलो मदतीला. मामी म्हणाली, "या साहेब." एवढंच. संध्याकाळी सुई घेऊन बसली माझे काटे काढायला.

विषय परसाचा होता ना? असू दे.

रानजाई_अक्कलकोट
मदत हवीये. परसात लाल भोपळा लावलाय, वेल कंपाउंडवर चढून शेजारी गेला, फुलं ढीगभर, पण फळ एकही नाही. आमची अव्वा म्हणते दृष्ट लागली, लिंबू-मिरची बांधलीये वेलाला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वामींच्या प्रकट दिनाला घरभर पाहुणे होते, सगळ्यांनी वेलाचं कौतुक केलं, तेव्हापासून तिचा संशय पक्का आहे.

उन्हाळी_मोगरा
@रानजाई पाहुण्यांना सोडून दे. वेलाला आधी नुसती नर फुलंच येतात, ती गळणारच. मादी फूल ओळखायचं सोपं, पाकळ्यांच्या मागं देठाशी छोटा भोपळाच असतो. ती येऊनही गळत असतील तर परागकण पोचत नाहीयेत, मधमाश्या कमी असतील. सकाळी लवकर, फूल मिटायच्या आत, नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवायचा. आज्जी याला "लगीन लावणं" म्हणायची, नऊच्या आत मुहूर्त.

रानजाई_अक्कलकोट
देठाशी छोटा भोपळा असलेली तीन दिसली आत्ता! उद्या सकाळी लगीन. अव्वाला सांगत नाही, लिंबू-मिरचीनं झालं म्हणू दे.

कडक_भाकरी
आहेर काय आणायचा बे?

दावणीचे_काका
शेणखत.

बाभूळबन
मला फक्त बाभळीच्या शेंगा आठवतात. शाळा सकाळची झाली की दुपारी पोरं नि शेळ्या एकाच झाडाखाली. आकडीनं फांदी हलवायची, वाळक्या शेंगा खुळखुळत खाली यायच्या आणि शेळ्या एकमेकींना ढुशा देत तुटून पडायच्या. रात्री रवंथ करताना बिया तोंडातून बाहेर टाकतात. सकाळी गोठा झाडायला गेलं की काळ्या चपट्या बियांचा सडा. आज्या त्या बिया गोळा करून बांधाला टोकायचा.

आमच्याकडं एक बोकड होता, राजा. माझ्यामागं शाळेच्या फाटकापर्यंत यायचा. एका बाजाराला वडील त्याला घेऊन सांगोल्याला गेले, येताना माझ्यासाठी सायकल. सायकल दोन दिवस हातात धरली नाही. नंतर धरली. पोरगंच होतो.

माढ्याचा_गडी
भावा 🙏 आमच्याकडं आई बोकडाला नावच ठेवू द्यायची नाही. शेळ्यांना नावं, बोकडाला नाही.

मंगळवेढ्याची_लेक
कडब्यावर कुणीच बोलेना म्हणून आले. वैरण बघायची असेल तर आमच्याकडच्या काळ्या रानातली बघा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच नाही.

मोहोळची_शेळीवाली
मानांकन तुमचं, पण मालदांडी ३५-१ निवडली ती आमच्या मोहोळच्या केंद्रावर. वाण आमचा, मिरवायला तुम्ही.

मंगळवेढ्याची_लेक
वाण कुणाचा का असेना, भाकरी आमच्या ज्वारीचीच पांढरी.

कडक_भाकरी
भांडू नका, दोघी एकेक पायली पाठवा. मी खाऊन निकाल देतो.

गच्चीवरची_शेती
आमच्याकडे परस नाही, गच्ची आहे, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. तरी दोडका घेते. मोठ्या कुंडीत मधोमध बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भोवतीनं बिया. मडक्यात पाणी भरून वर झाकणी. मडकं पाझरतं तेवढंच मुळं ओढतात, उडून जायला वर पाणी नाहीच. मडकं जुनं नको, क्षारांनी छिद्रं बुजलेली असतात. मार्चअखेर हिरवी जाळी बांधली नाही तर मात्र सगळं करपतं. एप्रिलमध्ये ४२-४३ ला गच्चीची फरशी चपलेतून चटका देते, तिथं रोपाचं काय.

डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घरात मी कुणाला ओतू देत नाही. नवरा म्हणतो, पाहुण्याला प्यायला पाणी देताना तुझा हात थरथरतो.

तुराटी
नवरा खरं बोलतोय का?

गच्चीवरची_शेती
अर्धा ग्लास देते. हवं तर परत मागावं.

पिवळा_पळस
माझी आई ८० च्या पुढं आहे, तिला धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं, चैत्राचा पहिला पंधरवडा संपला की कोंबडी बसवायची नाही, उन्हानं अंड्यातलं पिल्लू मरतं. आणि बसवायची अंडी साठवताना टोपली ओल्या वाळूवर ठेवायची, माठाशेजारी. काका, हे बरोबर आहे का?

दावणीचे_काका
आईंना नमस्कार सांगा. बरोबर आहे. कडक उन्हात साठवलेलं अंडं कोंबडीखाली जायच्या आधीच बिघडायला लागतं. अंडी थंड जागी ठेवावीत आणि आठवड्याच्या आत बसवावीत. एकदा बसली की एकवीस दिवस.

पिवळा_पळस
वाचून दाखवलं. म्हणाली, "मग मला काय विचारतोस, त्यांनाच माहीत नव्हतं व्हय आधी?" तिला वाटतंय तुम्ही तिच्याकडून शिकलात.

दावणीचे_काका
अशा बायांकडूनच शिकलोय बरंचसं. तसंच सांगा.

माढ्याचा_गडी
मुंगसाचं कुणीच लिहिलं नाही? आमच्या खुराड्याला वडलांनी दगडी जोतं केलं, दाराला लोखंडी जाळी, कडीला कुलूप. मुंगूस शेणाच्या भिंतीतून आला. तेव्हापासून वडील दोन वर्षं अंडी विकतची खातात, अपमान म्हणून.

बाभूळबन
चिंच फोडायला बसलात का कुणी या वर्षी? आई विचारतीये बार्शीला भाव काय चाललाय.

तुराटी
मावशी आहेत बार्शीला, विचारून सांगतो. चिंचोके टाकू नका म्हणावं, आम्हाला पाहिजेत. पोरांना पट खेळायला.

रानजाई_अक्कलकोट
अपडेट: दोन लग्नं लागली, तिसऱ्या फुलात मुंगळे होते. आता विचारतेय, गावरान दोडक्याचं बी आहे का कुणाकडं? दुकानातलं पाकीट लावलं, दोडके आले देखणे पण चव पाणीदार.

गच्चीवरची_शेती
माझ्याकडं आहे, सासरचं, शिरा एकदम टोकदार. एक दोडका वेलावरच वाळवलाय, हलवला की बिया वाजतात. सोलापूरला येणं होतं का? सात रस्त्याला भेटू.

रानजाई_अक्कलकोट
येते की! मंगळवारी?

गच्चीवरची_शेती
मंगळवारी पाण्याचा दिवस आहे, घर सोडता येणार नाही. बुधवारी ये. आणि येताना अव्वाच्या हातची शेंगाचटणी आण, बी फुकट नाही.