आल्प द्युएझच्या स्टेजला साथीदार कसे वापरायचे? (प्रो सायकलिंग मॅनेजर २०२२)

सिडकोचा_पेलोटॉन
गेममधल्या माझ्या करिअरमध्ये टूर द फ्रान्सची बारावी स्टेज समोर आहे. ब्रियाँसाँहून निघायचं, गालिबिए, क्रोआ द फेर आणि शेवटी आल्प द्युएझ हे तीन चढ, एकूण १६५ किमी. माझा लीडर जीसीत (एकूण वेळेच्या क्रमवारीत) दुसरा, ४१ सेकंद मागे, माउंटन (मोठ्या चढांचं रेटिंग) ७९. त्याच्या खालोखाल एक ७७ चा, एक ७५ चा. उरलेल्यांत दोघांचं हिल (छोट्या चढांचं रेटिंग) चांगलं आहे, तिघं निव्वळ फ्लॅटवाले.
७७ वाल्याला सकाळच्या ब्रेकमध्ये (सुरुवातीलाच पुढे सुटणाऱ्या गटात) सोडू की लीडरजवळ ठेवू? आणि शेवटच्या चढावर त्याला लीडरचं प्रोटेक्ट (पुढे राहून वाऱ्यापासून आडोसा) द्यायचं, की पुढे काढून टेम्पो (गटाचा वेग ठरवणारी ओढ) लावायचा?

गंगापूररोड_रायडर
बिनधास्त सोड ब्रेकमध्ये. २०२२ च्या खऱ्या टूरमध्ये आदल्याच दिवशी, ११ व्या स्टेजला, युम्बो-विस्मा टीमने हेच केलं होतं. लापोर्त आणि व्हान आर्ट पुढे गेले, मागे गालिबिएवर त्यांचे लीडर रोग्लिच आणि विंगेगार्ड आळीपाळीने पिवळ्या जर्सीतल्या (जीसीत पहिल्या) पोगाचारवर तुटून पडले. ग्रानोनच्या शेवटच्या चढावर विंगेगार्ड सुटला आणि पोगाचारला २ मिनिटं ५१ सेकंदांचा फटका बसला.

नांदुरी_घाटवेडा
उदाहरण बरोबर आहे, पण त्यात पुढे कोण गेले ते बघा. लापोर्त आणि व्हान आर्ट, दोघांपैकी एकाचाही जीसीत कोणाला धोका नव्हता. रोग्लिच मागेच होता. तुझा ७७ वाला जीसीत तीन-चार मिनिटांच्या आत असेल तर पिवळ्या जर्सीची टीम त्या ब्रेकला श्वास घेऊ देणार नाही, आणि तुझा सगळ्यात मोलाचा माणूस गालिबिएच्या आतच खर्ची पडेल. ब्रेकमध्ये हिलवाल्यांपैकी एकाला पाठव. तो क्रोआ द फेरवर मागे पडला तरी चालेल. उलट माथ्याच्या आसपास तुझ्या लीडरला तो भेटला तर सोनंच.

कारण या स्टेजची किल्ली मला दरीत दिसते. क्रोआ द फेर उतरल्यावर बूर द्वाझाँपर्यंत बराच सपाट रस्ता आहे. तिथे लीडर एकटा वाऱ्यात सापडला तर चढ सुरू होण्याआधीच त्याची पिवळी पट्टी (दमाची) अर्धी होते. लोक सगळा विचार चढाचा करतात आणि दरीत गटात माणूसच उरत नाही. तो हिलवाला तिथे रिलेला (पुढे राहून ओढायला) लाव आणि लीडरला मागे प्रोटेक्टमध्ये ठेव. सपाटीवर आडोशाचा जो फायदा मिळतो तो ८ टक्के चढावर मिळत नाही, वेगच कमी असतो.

फ्लॅटवाल्या तिघांकडून पाणी आणवून घे, गालिबिएच्या पायथ्यापर्यंत लीडरला पुढच्या वीसात ठेवायला सांग आणि मग त्यांना मोकळं कर. त्यांना वेळेच्या मर्यादेत फिनिश करू दे, पुढच्या स्टेजना लागतील.

आता आल्प. १३.८ किमी, सरासरी ८.१ टक्के, पण पहिले दोन किलोमीटर १० च्या आसपास आहेत. ७५ वाल्याला तिथेच पुढे काढ. एफर्ट (किती जोर लावायचा तो आकडा) ठरवताना त्याचा नाही, लीडरचा पल्स बघ. आम्ही रविवारी नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढतो तेव्हा पुढचा भिडू मागच्याच्या श्वासाकडे कान ठेवूनच पेडल मारतो, नाहीतर वर पोचेपर्यंत गट फुटलेला असतो. गेममध्येही लीडर दमायला लागला की साथीदाराचा एफर्ट दोन-तीन आकड्यांनी उतरव. हे काम ८x (गेमच्या आठपट वेगा) वर होत नाही. चढ सुरू झाला की १x वर ये, माझा यावर फार भर आहे.

७५ वाला संपला की ७७ वाला. दोघांना एकदम कधीच लावू नको. टेम्पो इतका ठेव की प्रतिस्पर्धी लीडरांचे साथीदार गळतील आणि कोणाला अटॅक करावासा वाटणार नाही. लीडरची लाल पट्टी (अटॅकची ताकद) तोवर भरलेली हवी. शेवटच्या ४-५ किमीत ७७ वाला सुटला की लगेच अटॅक, मध्ये फट पडू द्यायची नाही.

सिडकोचा_पेलोटॉन
७७ वाला जीसीत सातवा आहे, ३:१० मागे. म्हणजे ब्रेक नाहीच. पण दादा, ७५ वाल्याचा आजचा फॉर्म -३ दाखवतोय, म्हणजे दिवस वाईट. तरी आल्पच्या पायथ्याला तोच?

नांदुरी_घाटवेडा
-३ असेल तर नको. त्याला क्रोआ द फेरवरच वापरून टाक, शेवटचे सात-आठ किमी. उतरताना गटात राहिला तर दरीत एखादा रिले मिळेल, तो बोनस समज. आल्पच्या पहिल्या दोन किलोमीटरला पिवळ्या जर्सीच्या टीमला ओढू दे, त्यांना जर्सी राखायची आहे. तुझा ७७ वाला लीडरच्या पुढे प्रोटेक्टमध्ये राहू दे आणि चढ जरा सौम्य झाला की तिथून त्याचा टेम्पो. वेळ थोडा कमी मिळेल, पण ४१ सेकंदांसाठी पुरेसा आहे.

गंगापूररोड_रायडर
जीसीचा मुद्दा पटला. दुसरा हिलवाला मग लीडरजवळच ठेव, ब्रेकमधला दरीत सापडला नाही तर तो लागेल.