मदत हवी आहे : नर्सिंग कॉलेज निवडताना काय बघावं?

नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. लेकीने बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली आहे. ३ वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नको, ४ वर्षांचं बीएस्सीच करायचं, एवढं नक्की. अडलंय कॉलेजवर.

माझी भाची जीएनएमला आहे. वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी एका आजींचा बीपी घेताना तिचे हात इतके थरथरले की स्टेथोस्कोपमध्ये ठोकाच ऐकू येईना. आजीच म्हणाल्या, "सावकाश घे गं बाळा." शिकवणाऱ्या मॅडम जवळपासही नव्हत्या. मला तेच खुपतंय.

ठाणे-नवी मुंबईत शिकलेल्या ताईंनो, कॉलेजच्या हॉस्पिटलच्या खाटांवर खरंच पेशंट असतात का? ट्यूटर वॉर्डात सोबत उभ्या राहतात का? आणि नेरूळकडे सकाळच्या ड्युटीला ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने रोज वेळेत पोचता येतं का?